हलकी सॅक घेतली, तरी खांदे का भरून येतात?

जुलै महिन्यात पन्हाळगड ते पावनखिंड ही पदभ्रमंती करून परतलेल्या मंडळींकडून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. हलकी म्हणून नावाजलेली, चांगले पैसे मोजून घेतलेली सॅक दुकानात पाठीवर चढवली तेव्हा कापसासारखी वाटली होती. पण मसाई पठार ओलांडून कुंभारवाडीच्या उताराला लागेपर्यंत खांदे असे भरून आले की पुढचा सगळा रस्ता दोन्ही अंगठे पट्ट्यांखाली खुपसून चालावा लागला. काहींनी ती सॅक विकून त्याहूनही हलकी घेतली आणि पुढच्या पावसाळ्यात दुखणे कमी होण्याऐवजी वाढले. माझ्या स्वतःच्या खांद्यांनीही ही तक्रार काही वर्षे केली आहे, त्यामुळे तिची कारणे आणि त्यांवरचे उपाय येथे जरा विस्ताराने मांडतो.

मुळात सॅकचे स्वतःचे वजन हे या दुखण्याचे कारण क्वचितच असते. जुन्या धाटणीची साठ-पासष्ट लिटरची सॅक रिकामीच दोन ते अडीच किलो भरते, फ्रेम (पाठीच्या बाजूने आत बसवलेला ताठ सांगाडा) असलेली आधुनिक हलकी सॅक किलोच्या आसपास असते, आणि फ्रेम नसलेली तर 400 ते 700 ग्रॅमचीही मिळते. म्हणजे या सगळ्या खटाटोपातून पाठीवरचे ओझे फार तर दीड-दोन किलोने उतरते. याउलट कंबरपट्टा योग्य जागी बसला तर ओझ्याचा मोठा हिस्सा खुब्याच्या हाडांवर जातो आणि तो चुकीच्या जागी बसला तर तेच सगळे ओझे दोन खांद्यांवर लोंबकळत राहते. खांद्यांच्या दृष्टीने हा फरक दीड-दोन किलोंच्या कितीतरी पुढचा आहे. म्हणून सॅक बदलण्यापूर्वी वजन नेमके कुठे टेकते आहे, हे पाहिले पाहिजे.

दुखते कुठे, यावरून कारण ओळखावे

खांद्याचा वरचा भाग, म्हणजे मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतची मांसल कड दुखत असेल, तर कंबरपट्टा काम करत नाही असे समजावे. खांद्याची पुढची बाजू, काखेच्या वरचा भाग हुळहुळत असेल, तर सॅक पाठीपासून सुटून मागे ओढते आहे. जड सामान पाठीपासून लांब, बाहेरच्या बाजूला भरले गेले की हमखास असे होते. पाठीच्या खालच्या भागात कळ येत असेल, तर सगळे जड सामान तळाशी गेलेले असते, किंवा आतली फ्रेम वाकून कंबरेत रुतत असते. खुब्याची हाडे लाल होऊन सोलवटत असतील, तर बहुतेक वेळा दोष सॅकचा नसतो, पँटच्या चामडी पट्ट्याचा असतो. त्या पट्ट्याचे बक्कल आणि जाड कड कंबरपट्ट्याखाली चेपली जाते, आणि खिशातल्या किल्ल्या व मोबाईल त्यात भर घालतात. नाडीची किंवा इलॅस्टिकची पँट घातली की हा प्रश्न तिथेच मिटतो, त्यासाठी नवी सॅक घेण्याचे काहीच कारण नाही.

हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे किंवा हात वर उचलताना जोर न लागणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा खांद्याच्या पट्ट्याखाली दाबल्या गेल्याने असे होते आणि वैद्यकात याला ‘रकसॅक पाल्सी’ असे नावच आहे. असे झाले तर ‘अजून थोडेच राहिले आहे’ म्हणून रेटू नये. सॅक उतरवावी, सामान सोबत्यांमध्ये वाटून द्यावे, आणि विश्रांतीनंतरही बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

उंची नव्हे, पाठीची लांबी

माझी स्वतःची चूक येथे सांगतो. मी पाच फूट दहा इंच उंच असल्याने सॅक मोठ्या मापाचीच हवी, असे विक्रेत्यानेही सांगितले आणि मलाही ते पटले. त्या सॅकवर दोन पावसाळे काढले. कंबरपट्टा नीट खुब्यावर बांधला की खांद्याचे पट्टे खांद्याच्या वर अधांतरी राहायचे. ती फट बुजवावी म्हणून सॅक खाली सोडली की कंबरपट्टा हाडावरून घसरून नितंबांवर यायचा आणि प्रत्येक पावलागणिक वरखाली सरकायचा. मी दर अर्ध्या तासाला पट्टे ओढत होतो आणि दोष माझ्या सवयीला देत होतो.

शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका स्नेह्यांना सहज हे सांगितले, तेव्हा त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून मला बनियनवर उभे केले. मान पुढे झुकवायला लावली, मानेच्या तळाशी जे ठळक हाड वर येते त्यावर खडूने खूण केली. मग दोन्ही हात कंबरेवर असे ठेवायला लावले की बोटे पुढे, अंगठे मागे आणि तळवे खुब्याच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकलेले. दोन अंगठे जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथे दुसरी खूण केली. टेप ताणून न धरता कण्याच्या बाकाला चिकटवून त्यांनी ती दोन खुणांमध्ये धरली आणि म्हणाले, “त्रेचाळीस. तुमचे पाय लांब आहेत, पाठ नाही.” सॅकचे माप होते 51 सेंटिमीटरच्या पाठीसाठी. दोन वर्षांच्या दुखण्याचा उलगडा त्या आठ सेंटिमीटरांत झाला.

हे माप घरी दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावे, स्वतःचे स्वतः घेता येत नाही. लहान, मध्यम व मोठे यांच्या मर्यादा प्रत्येक कंपनीच्या निराळ्या असतात, त्यामुळे एका कंपनीचे ‘मध्यम’ दुसरीकडे ‘लहान’ ठरू शकते; आपले माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावे आणि प्रत्येक सॅकच्या तक्त्याशी ते ताडून पाहावे. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या सॅक मिळतात. त्यांचे वजन थोडे अधिक असते, पण माप दोन आकारांच्या सीमेवर येत असेल किंवा घरातली दोन माणसे एकच सॅक वापरणार असतील, तर ते शंभर-दोनशे ग्रॅम सोसावेत असे माझे मत आहे. पुरुषांच्या मापाने बनवलेली सॅक स्त्रियांना अनेकदा लांब पडते आणि तिचे सरळ पट्टे छातीवर टोचतात; स्त्रियांसाठीच्या सॅकमध्ये पाठ आखूड, पट्टे वळणदार आणि कंबरपट्टा तिरपा कापलेला असतो. हा फरक केवळ रंगाचा आहे असे समजून तो नाकारू नये.

माप बरोबर असूनही पट्टे चुकीच्या क्रमाने ओढले तर परिणाम तोच होतो, आणि बहुतेक जण खांद्यांपासून सुरुवात करतात. आधी सगळे पट्टे सैल सोडावेत. सॅक चढवून, किंचित पुढे वाकून, कंबरपट्ट्याच्या गादीचा मध्य खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर आणावा आणि पट्टा आवळावा. या क्षणी खांद्याचे पट्टे सैल असतानाही सॅक खाली घसरता कामा नये. घसरली, तर पट्टा बेंबीवर बांधला गेला आहे किंवा तो तुमच्या कंबरेला मोठा आहे. मग खांद्याचे पट्टे अंगालगत येईपर्यंतच ओढावेत. खांद्यावरून सॅकच्या वरच्या कडेकडे जाणारे छोटे पट्टे असतील तर ते साधारण 30 ते 45 अंशांच्या कोनात राहतील इतपत ताणावेत; ते आडवे पडत असतील तर सॅकची पाठ आखूड आहे. छातीचा पट्टा सर्वांत शेवटी लावावा आणि श्वास मोकळा राहील इतकाच आवळावा. पहिल्या अर्ध्या तासात सामान दबून बसते, त्यामुळे एकदा थांबून हाच क्रम पुन्हा करावा लागतो.

सामान आधी तोलावे, सॅक नंतर निवडावी

हलक्या सॅकचा दुसरा घोटाळा असा की ती हलकी असते कारण तिच्यातून काहीतरी काढून टाकलेले असते. फ्रेम काढलेली असते, गादी पातळ केलेली असते, कापड विरळ घेतलेले असते. फ्रेम नसलेल्या सॅकमध्ये आठ-नऊ किलोंपर्यंत ओझे ठीक राहते. त्यापुढे पाठीचा भाग पिंपासारखा गोल होतो, सॅक मधोमध खचते आणि कंबरपट्टा असला तरी वजन त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण पोचवणारी काडीच आत नसते. ज्यांनी ‘त्याहून हलकी’ घेतल्यावर दुखणे वाढल्याचे सांगितले, त्यांतल्या बहुतेकांचे हेच झालेले होते. प्रवासी बॅग तोलण्याचा हुकाचा छोटा काटा या कामी फार उपयोगी पडतो. आमच्या कोल्हापूरकडे गुळाच्या रव्यापासून (ढेपेपासून) उसाच्या गाडीपर्यंत सगळे काट्यावर चढवल्याशिवाय पुढे जात नाही, पण ट्रेकला निघताना मात्र सगळा कारभार अंदाजाने चालतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

सर्व सामान जमिनीवर मांडून एकेक वस्तू तोलावी आणि लिहावी. पन्हाळा ते पावनखिंड हे सुमारे 50 किलोमीटरचे अंतर लोक सहसा दोन दिवसांत चालतात आणि वाटेत एखाद्या वाडीवर मुक्काम करतात. मुक्कामाची व जेवणाची सोय वाडीत असेल, तर कोरडे कपडे, पातळ पांघरूण, चटई, रेनकोट, विजेरी आणि औषधे मिळून चार किलोंच्या आत बसवता येतात. पाणी दोन लिटर म्हणजे दोन किलो आणि वाटेतले खाणे आणखी किलोभर धरले, तर एकूण सात किलो होतात. एवढ्यासाठी 30 ते 35 लिटरची, फ्रेम नसलेली हलकी सॅक पुरेशी आहे. मात्र तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि चार-पाच दिवसांचा शिधा घेऊन स्वतंत्रपणे चालायचे असेल, तर हाच आकडा सहज 12-13 किलोंवर जातो. अशा वेळी 45 ते 55 लिटरची आणि आत धातूच्या किंवा कार्बन फायबरच्या काड्या असलेली सॅकच घ्यावी, मग ती अर्धा किलो जास्त भरली तरी चालेल. सॅकच्या लेबलावर किंवा माहितीपत्रकात कंपनीने सुचवलेले कमाल वजन अनेकदा दिलेले असते. दुकानात लोक लिटर वाचतात आणि नेमका हाच आकडा वाचत नाहीत.

लिटर आणि किलो यांची गल्लत आमच्या भागात भडंगामुळेही होते, हे थट्टेने नाही तर अनुभवाने सांगतो. घरून दिलेली भडंगाची मोठी पिशवी सॅकचा तिसरा हिस्सा अडवते, वजन मात्र जेमतेम अर्धा किलो असते. मग जागा कमी पडली म्हणून पुढच्या वेळी मोठी सॅक घेतली जाते, आणि मोठ्या सॅकमधली रिकामी जागा माणूस कशाने ना कशाने भरतोच. शेंगदाण्याची चटणी, चपात्या, गूळ आणि खजूर हा ऐवज जागाही कमी घेतो आणि भूकही अधिक भागवतो. भडंग मुक्कामाच्या ठिकाणी आधी पाठवता आले, तर उत्तमच.

भरताना जड वस्तू पाठीला लागून, खांद्याची पाती आणि कंबर यांच्या मधल्या भागात असाव्यात. तळाशी पांघरुणासारखे हलके व मऊ सामान, वर रेनकोट. फ्रेम नसलेल्या सॅकमध्ये फोमची चटई घडी घालून पाठीच्या बाजूला सरकवली, की तिचीच फ्रेम होते आणि सॅक खचत नाही. चटई गुंडाळून बाहेर लटकवण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला आहे, कारण बाहेर लटकलेली चटई मसाई पठारावरच्या वाऱ्यात शिडासारखी वागते आणि माणसाला एका बाजूला ओढत राहते.

पाऊस

दुकानात तोललेली सॅक आणि जुलैत चार तास भिजलेली सॅक या दोन वेगळ्या सॅक आहेत. पट्ट्यांमधला फोम, पाठीवरची जाळी आणि कापड पाणी धरून ठेवतात. माझी 1,100 ग्रॅमची सॅक करपेवाडीच्या मुक्कामी रिकामी करून काट्याला लावली, तेव्हा ती दीड किलोच्या जवळ भरली होती. शिवाय आतले कपडे भिजले तर ओझे आणखी वाढते, म्हणजे दुपारनंतर ‘अचानक’ दुखू लागलेल्या खांद्यांचे कारण अनेकदा पाणीच असते.

बाहेरून घालायच्या रेनकव्हरवर माझा विश्वास राहिलेला नाही. पाठीच्या बाजूने पाणी आत उतरतेच, ते कव्हरच्या तळाशी साचते आणि जोराचा वारा कव्हर उडवून नेतो तो वेगळाच. खरे संरक्षण आतून करावे. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत उघडून, सगळे सामान तिच्यात भरून, तोंड पिळून दुमडून टाकावे. साखरेच्या काही पोत्यांना आतून प्लास्टिकची पिशवी असते. ती धुऊन वाळवून घेतली तर या कामासाठी उत्तम आहे आणि आपल्या जिल्ह्यात ती मिळायला अडचण पडू नये. पाण्याची बाटली आणि ओला रेनकोट या पिशवीच्या बाहेर ठेवावेत. शेतात भांगलणाऱ्या बायका डोक्यावरून पाठीवर खोळ घेतात, तिचे तत्त्वही लक्षात घेण्यासारखे आहे: डोके आणि पाठ एकाच आवरणाखाली राहिल्याने मधल्या फटीतून पाणी शिरत नाही. सॅकसकट अंगावर घ्यायचा पोंचो हे त्याचेच रूप आहे, मात्र उघड्या पठारावर तो वाऱ्याने उडू नये म्हणून कंबरेला दोरीने बांधावा लागतो.

पावसात आणखी एक त्रास सुरू होतो. पट्टे ओले झाले की बक्कलमधून हळूहळू सरकतात आणि नीट बांधलेली सॅक तासाभरात ढिली पडते. हलक्या सॅकचे पट्टे अरुंद व गुळगुळीत असल्याने हे अधिक जाणवते. पट्टा बक्कलमधून काढल्यावर उरलेल्या टोकाची, बक्कलला अगदी लागून, सहज सुटेल अशी सुरगाठ मारली की तो सरकायचा थांबतो.

कापड, शिवण आणि आतले अस्तर

कापडावर 70, 100, 210 असे डेनिअरचे आकडे लिहिलेले असतात. 9,000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर; म्हणजे आकडा मोठा तसा धागा जाड. सह्याद्रीत करवंदाच्या जाळ्यांतून आणि कातळावर बसत-घसरत चालावे लागते, त्यामुळे तळाला तरी 200 च्या आसपासचे कापड असावे, बाकी अंगाला 100 चालते. सॅक घेताना मी कापडापेक्षा खांद्याचे पट्टे जिथे जोडले आहेत तिथली शिवण अधिक बारकाईने पाहतो. तेथे दाट, आडवे, पुनःपुन्हा मारलेले टाके असले पाहिजेत. एकेरी सरळ टाके दिसले तर सॅक ठेवून द्यावी. पुढे कधी ही शिवण उसवलीच, तर चामड्याचे काम करणारा कारागीर नायलॉनच्या दोऱ्याने ती पक्की करून देतो. मात्र सुईची भोके पाणी आत घेतात, म्हणून आतल्या बाजूने शिवण बुजवण्याचे द्रावण लावून घ्यावे.

खरेदी नक्की करण्यापूर्वी भरलेल्या सॅकची परीक्षा घ्यावी. दुकानात घातलेल्या दोन उशांवरून काहीच कळत नाही. परत करण्याची मुदत विचारून घ्यावी, लेबले न काढता सॅक घरी आणावी, स्वतःचे खरे सामान भरून, काट्यावर तोलून, घरातल्या जिन्यावर तासभर चढ-उतार करावी आणि सॅक ठेवायची की नाही हे तेव्हाच ठरवावे. ठेवली, तर एखाद्या पहाटे रंकाळ्याला सलग दोन फेऱ्या माराव्यात आणि पुढच्या रविवारी पायथ्याच्या बुधवार पेठेतून पन्हाळ्यावर पायी चढून जावे. रंकाळ्याच्या सपाटीवर पट्ट्यांचे दोष कळतात, चढावर पाठीचे, आणि उतरताना कंबरपट्ट्याचे.

ट्रेकहून परतल्यावर ओली सॅक तशीच कपाटावर फेकणे हे आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत सर्वांत महाग पडते. आतल्या बाजूचे पाणीरोधक अस्तर पॉलियुरेथेनचे असते आणि ओलाव्याने त्याचे विघटन होऊन ते आधी चिकट होते, मग त्याला कुबट वास येतो आणि शेवटी पापुद्रे सुटू लागतात. सॅक वॉशिंग मशीनमध्ये घालू नये. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घेऊन हाताने धुवावी, सगळे कप्पे उघडून उलटी टांगावी, सावलीत वाळवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावर सैलसर ठेवावी. अस्तर एकदा चिकट झाले की ते पूर्ववत होत नाही, त्यामुळे तशी सॅक दुरुस्तीसाठी घेऊन हिंडण्यात वेळ घालवू नये. तिचे बक्कल आणि पट्टे तेवढे काढून ठेवावेत, पुढच्या सॅकला ते उपयोगी पडतात.